वार (अपरा)

वार किंवा अपरा हा गर्भारपणात गर्भाशयाच्या आतील भिंतीला चिकटून वाढणारा आणि नाळेच्या द्वारे गर्भाशी जोडलेला तात्पुरता अवयव होय. 'प्लासेंटा' या इंग्रजी नावानेही तो मराठीत ओळखला जातो. गर्भाला प्राणवायू व पोषणद्रव्ये पुरविणे, त्याच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये मातेच्या रक्तात सोडणे आणि गर्भधारणा टिकविणारी संप्रेरके निर्माण करणे ही वारेची मुख्य कार्ये आहेत. म्हणजे जन्मापूर्वी बाळाची फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि पचनसंस्था यांचे काम एकटी वारच करीत असते.

गर्भारपण चालू असताना वार हाताने तपासता येत नाही. तिचे कार्य मंदावले तरी मातेला बहुधा वेदना होत नाहीत. त्यामुळे वारेच्या आरोग्याची पारख मातेचा रक्तदाब, गर्भाची वाढ व हालचाल, नाळेतील रक्तप्रवाह अशा अप्रत्यक्ष खुणांवरून करावी लागते. बिघडलेली वार पूर्ववत करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. म्हणून बिघाड वेळीच ओळखणे आणि प्रसूती केव्हा करावयाची हे ठरविणे हाच वैद्यकीय देखरेखीचा मुख्य हेतू असतो.

संज्ञा

'अपरा' ही संज्ञा आयुर्वेदातून आली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची नाभी, नाभीला जोडलेली नाडी, नाडीला जोडलेली अपरा आणि अपरेचा मातेशी असलेला संबंध असा क्रम सांगितला आहे. बोलीभाषेत 'वार' हा शब्द रूढ आहे. प्रसूतीनंतर ती बाहेर येण्याला 'वार पडणे' म्हणतात. गायीम्हशींच्या बाबतीत ग्रामीण भागात 'जार' हा शब्दही ऐकू येतो. गर्भाभोवतीच्या वेष्टनाला 'जरायू' म्हणतात व त्यावरूनच 'जरायुज' हा शब्द बनला आहे.

सामान्य बोलण्यात 'वार' व 'नाळ' या शब्दांची अदलाबदल होते. परंतु ते दोन वेगळे भाग आहेत. वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते, तर नाळ ही वार आणि बाळाची बेंबी यांना जोडणारी दोरीसारखी रचना असते.

रचना व वाढ

फलनानंतर सुमारे सहा-सात दिवसांनी गर्भपिंड गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. त्याच्या बाहेरील थरातील पेशी म्हणजे पोषपेशी होत. त्यांपासूनच वारेचा मोठा भाग तयार होतो. म्हणजे वार मातेच्या शरीरात वाढत असली तरी तिचा बहुतांश भाग गर्भाच्या बाजूचा असतो. गर्भाशयाचे अस्तर तिला मातेच्या बाजूने जोड देते.

पोषपेशींपासून झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटतात. त्यांना अंकुर म्हणतात. या अंकुरांमध्ये गर्भाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात आणि अंकुरांच्या भोवतालच्या पोकळीत मातेचे रक्त खेळत असते. दोन्ही रक्तप्रवाहांच्या मध्ये पातळ पेशीथर असल्यामुळे माता व गर्भ यांचे रक्त सामान्यतः एकमेकांत मिसळत नाही. देवाणघेवाण या थरातून होते. पूर्ण दिवसांच्या वारेतील सर्व अंकुरांचा एकत्रित पृष्ठभाग १० चौरस मीटरहून अधिक भरतो.

रुजणाऱ्या पोषपेशी मातेच्या गर्भाशयातील नागमोडी, अरुंद रोहिण्यांमध्ये (धमन्यांमध्ये) शिरून त्यांच्या भिंतींचे स्वरूप पालटतात. त्यामुळे या रोहिण्या रुंद व सैल होतात आणि वारेला भरपूर रक्त संथपणे मिळू लागते. हे काम गर्भारपणाच्या सुमारे विसाव्या आठवड्यापर्यंत पुरे होते. ते अपुरे राहिल्यास त्याचे परिणाम बहुधा पुढील महिन्यांत दिसतात. शेवटच्या तिमाहीतील अनेक गुंतागुंतींचे मूळ पहिल्या काही आठवड्यांत असते ते यामुळेच.

पूर्ण दिवस भरल्यावर वार चपट्या, गोल भाकरीसारखी दिसते. तिचा व्यास सुमारे २० ते २२ सेंमी, मध्यभागी जाडी २ ते २.५ सेंमी आणि वजन सुमारे ५०० ग्रॅम असते. मातेकडील बाजू गडद लाल असून १५ ते २० खंडांत विभागलेली असते. बाळाकडील बाजू गुळगुळीत व चकचकीत असून तिच्यातून नाळ निघते. नाळेची लांबी साधारणतः ५० ते ६० सेंमी असते. तिच्यात दोन रोहिण्या व एक नीला (शीर) असते. येथे नेहमीच्या रक्ताभिसरणाच्या उलट व्यवस्था दिसते: नीला प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे नेते आणि रोहिण्या वापरलेले रक्त वारेकडे परत आणतात.

कार्ये

श्वसन व पोषण: प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड विसरणाने थर ओलांडतात. ग्लुकोज, अमिनो आम्ले, लोह, कॅल्शियम आदींसाठी वारेत स्वतंत्र वाहक प्रथिने असतात. पूर्ण दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहते.

संप्रेरके: गर्भारपणाच्या मूत्रचाचणीत ओळखले जाणारे एचसीजी हे संप्रेरक वारेच्या पोषपेशींतून स्रवते. सुमारे आठ ते दहा आठवड्यांनंतर गर्भधारणा टिकविणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची निर्मिती अंडाशयाकडून वारेकडे येते. वारेची काही संप्रेरके मातेच्या इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. गर्भारपणातील मधुमेहामागे हेही एक कारण असते.

संरक्षण: मातेच्या रक्तातील आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाकडे जातात. गर्भवतीला धनुर्वाताची लस दिल्यावर नवजात बाळाला संरक्षण मिळते ते याच मार्गाने. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यात या लसीकरणाचा व स्वच्छ प्रसूतीचा मोठा वाटा आहे.

वार ही अभेद्य भिंत मात्र नाही. मद्य, निकोटिन आणि अनेक औषधे ती ओलांडतात. थॅलिडोमाइड या औषधामुळे १९५०च्या दशकाच्या अखेरीस व १९६०च्या दशकाच्या प्रारंभी अनेक देशांत हातापायांत व्यंग असलेली मुले जन्मल्यावर ही गोष्ट जगाला प्रकर्षाने कळली. रुबेला, उपदंश, एचआयव्ही व झिका यांचे जंतूही गर्भापर्यंत पोहोचू शकतात. याउलट इन्शुलिन व हेपॅरिन ही औषधे वार फारशी ओलांडत नाहीत. म्हणून गर्भारपणात ती वापरता येतात.

प्रमुख विकार

वारेची अपुरी कार्यक्षमता: रक्तपुरवठा अपुरा पडल्यास गर्भाची वाढ खुंटते. अशा वेळी गर्भ उपलब्ध रक्त मेंदू व हृदयाकडे अधिक वळवितो. त्यामुळे डोके त्या मानाने वाढते, पोटाचा घेर मागे पडतो आणि मूत्रनिर्मिती घटून गर्भजल कमी होते. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, तंबाखूसेवन आणि पूर्वीच्या गर्भारपणातील अशीच गुंतागुंत ही जोखमीची कारणे आहेत. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया मशेरी लावतात. धूर निघत नसल्याने ती निरुपद्रवी समजली जाते. परंतु तिच्यातील निकोटिनही वार ओलांडते आणि गर्भारपणात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन कमी भरते.

प्रीएक्लॅम्प्सिया: विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे व त्यासोबत मूत्रात प्रथिने जाणे किंवा अन्य अवयवांवर परिणाम होणे म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया होय. जगभरात २ ते ८ टक्के गर्भारपणांत तो आढळतो. नागमोडी रोहिण्यांचे अपुरे रूपांतर हे त्यामागील महत्त्वाचे कारण मानले जाते. त्याचे पर्यवसान झटक्यांत झाल्यास त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅग्पाय' या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखविले.

खाली असलेली वार (प्लासेंटा प्रीव्हिया): वार गर्भाशयाच्या मुखावर किंवा मुखाला लागून असल्यास प्रसूतीचा मार्ग अडतो. पूर्ण दिवसांत सुमारे २०० गर्भारपणांमागे एकात ही स्थिती आढळते. शेवटच्या महिन्यांत वेदनेविना होणारा लालभडक रक्तस्राव हे तिचे ठळक लक्षण होय. अशा रक्तस्रावात वारेचे स्थान सोनोग्राफीने निश्चित होईपर्यंत योनिमार्गातून बोटांनी तपासणी करीत नाहीत. कारण त्यामुळे रक्तस्राव बळावू शकतो.

वार अकाली सुटणे: बाळ जन्मण्यापूर्वीच वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटल्यास पोटात तीव्र वेदना होतात, पोट लाकडासारखे कठीण लागते आणि रक्तस्राव होतो. सुमारे १०० गर्भारपणांमागे एकात किंवा त्याहून कमी प्रमाणात ही घटना घडते. रक्त वारेच्या मागेच साचून राहिले तर बाहेर थोडेच दिसते. त्यामुळे दिसणाऱ्या रक्तावरून गांभीर्याचा अंदाज करणे धोक्याचे ठरते.

रुतलेली वार: वार गर्भाशयाच्या स्नायूत खोलवर शिरल्यास प्रसूतीनंतर ती सुटत नाही आणि प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुजणे हे याचे मुख्य कारण होय. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार मुखावर असलेल्या स्त्रियांमध्ये हा विकार पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के आढळला. म्हणून पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या सोनोग्राफीत वारेचे स्थान विशेष काळजीने पाहतात. असा संशय असल्यास रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात प्रसूती करण्याचे आधीच ठरवितात.

गर्भारपणातील देखरेख

साध्या तपासण्या: प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन, मूत्रातील प्रथिने आणि पोटाची उंची पाहिली जाते. सुमारे २४ आठवड्यांनंतर गर्भाशयाची सेंटिमीटरमधील उंची गर्भारपणाच्या आठवड्यांच्या संख्येइतकी भरते. पोटाची वाढ मागे पडल्याचे मोजपट्टीने लक्षात आले तर सोनोग्राफी करून खात्री करता येते. या तपासण्या उपकेंद्रातही होऊ शकतात आणि वारेच्या बिघाडाची पहिली चाहूल अनेकदा त्यांतूनच लागते. आधीची मापे नोंदलेली नसतील तर नव्या मापाचा अर्थ लावता येत नाही. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येक भेटीत सोबत असणे आवश्यक असते.

गर्भाची हालचाल: पहिलटकरणीला साधारणतः १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास हालचाल जाणवू लागते. प्राणवायू कमी पडू लागला की गर्भ हालचाल कमी करतो. दहा हालचाली मोजण्याची 'कार्डिफ' पद्धत १९७६ मध्ये मांडली गेली. केवळ हालचालींविषयीच्या जागृतीमुळे मृतजन्म घटतात असे २०१८ मधील ब्रिटन व आयर्लंडमधील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले नाही. तरीही हालचाल नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी झाल्यास त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी, हा सल्ला कायम आहे.

सोनोग्राफी: १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत वारेचे स्थान नोंदवितात. तिची कड गर्भाशयमुखापासून २० मिमीपेक्षा कमी अंतरावर असल्यास तिला 'खाली असलेली' म्हणतात. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे ताणला जात असल्याने अशा बहुतेक वारा नंतर वर सरकलेल्या दिसतात. म्हणून सुमारे ३२व्या आठवड्यात पुन्हा पाहतात. अहवालात वारेची 'ग्रेड' ० ते ३ अशी लिहिलेली असते. १९७९ मध्ये मांडलेली ही प्रतवारी वारेतील कॅल्शियमच्या साठ्यांवर आधारलेली आहे. दिवस भरत आल्यावर 'ग्रेड ३' दिसणे स्वाभाविक असून केवळ त्यावरून वार निकामी झाली असा अर्थ होत नाही.

डॉप्लर तपासणी: या तपासणीत नाळेतील रोहिणीचा रक्तप्रवाह मोजतात. निरोगी वारेत रक्ताला अडथळा कमी असल्याने हृदयाच्या दोन ठोक्यांमध्येही प्रवाह पुढे चालू राहतो. वार बिघडत गेली की तो प्रवाह प्रथम घटतो, मग थांबतो आणि गंभीर अवस्थेत उलटा वाहू लागतो. सोबत बाळाच्या मेंदूतील रोहिणी तपासून रक्त मेंदूकडे वळविले जात आहे काय, हे पाहतात. जोखमीच्या गर्भारपणात डॉप्लरच्या वापराने बाळांचे मृत्यू घटतात. जोखीम नसताना सर्वच गर्भवतींची ही तपासणी केल्याने असा लाभ दिसून आलेला नाही.

हृदयाचे ठोके व जैवभौतिक गुणांक: गर्भाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. 'नॉन-स्ट्रेस टेस्ट' या चाचणीत हालचालीसोबत ठोके वाढतात की नाही हे यंत्राने नोंदवितात. १९८० मध्ये रूढ झालेल्या जैवभौतिक गुणांकात या चाचणीच्या जोडीला गर्भाच्या श्वसनसदृश हालचाली, अवयवांची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि गर्भजल यांना प्रत्येकी दोन, असे एकूण दहा गुण देतात.

रक्तचाचण्या: वारेतून स्रवणाऱ्या दोन प्रथिनांचे गुणोत्तर प्रीएक्लॅम्प्सियाच्या निदानास साहाय्य करते. एसएफएलटी-१ व पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील आठवडाभरात हा विकार होण्याची शक्यता अत्यल्प असते, असे २०१६ मधील एका अभ्यासात दिसले.

प्रतिबंध व उपचार

प्रीएक्लॅम्प्सियाची जोखीम अधिक असलेल्या स्त्रियांना डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. ते १६ आठवड्यांपूर्वी सुरू केल्यास अधिक उपयुक्त ठरते. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या लोकसमूहांत गर्भवतींना दररोज १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियम देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रक्तक्षयावर उपचार, तंबाखू सोडणे आणि रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

वारेचा रक्तप्रवाह औषधाने वाढविण्याचे प्रयत्न झाले आहेत. वाढ खुंटलेल्या गर्भांसाठी सिल्डेनाफिल देऊन पाहणारी नेदरलँड्समधील चाचणी नवजात बाळांच्या फुप्फुसांवरील दुष्परिणामांच्या शंकेमुळे २०१८ मध्ये थांबविण्यात आली. त्यामुळे प्रसूतीची वेळ ठरविणे हाच आज मुख्य उपचार आहे. लवकर प्रसूती केल्यास बाळ अपक्व राहण्याचा धोका असतो, तर थांबल्यास ते पोटातच दगावण्याचा. वरील सर्व तपासण्या या निर्णयाला आधार देण्यासाठी असतात. मुदतपूर्व प्रसूती अटळ दिसल्यास मातेला स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन बाळाची फुप्फुसे पक्व करतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हाउई यांनी १९७२ मध्ये या उपचाराचा पाया घातला.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास पुढच्या नियोजित भेटीची वाट न पाहता तात्काळ रुग्णालयात जावे:
- योनिमार्गातून रक्तस्राव, मग तो थोडा व वेदनारहित का असेना
- पोटात सतत तीव्र वेदना किंवा पोट कठीण होणे
- बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहरा व हातांवर अचानक सूज
- झटके किंवा शुद्ध हरपणे

प्रसूतीनंतर

बाळाच्या जन्मानंतर वार साधारणतः अर्ध्या तासाच्या आत पडते. गर्भाशय आकसले की वारेखालील उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन रक्तस्राव थांबतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. तो टाळण्यासाठी बाळ जन्मताच मातेला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात. नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधल्यास वारेतील रक्त बाळाला मिळून त्याचा लोहसाठा वाढतो.

पडलेली वार पसरून तिचे सर्व खंड व वेष्टने पूर्ण आहेत की नाहीत, हे पाहणे ही प्रसूतीतील अत्यावश्यक पायरी आहे. एखादा तुकडा आत राहिल्यास रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. वार सुटली नसताना अप्रशिक्षित व्यक्तीने नाळ ओढल्यास गर्भाशय उलटे होण्याचा धोका असतो. बाळ अल्पवजनी किंवा मृत जन्मल्यास वारेची सूक्ष्मदर्शकीय तपासणी कारण शोधण्यास आणि पुढील गर्भारपणाची आखणी करण्यास उपयोगी पडते. माता आरएच ऋण व बाळ आरएच धन असल्यास ७२ तासांच्या आत मातेला अँटी-डी इंजेक्शन देतात. कारण वार सुटताना बाळाच्या काही रक्तपेशी मातेच्या रक्तात जाऊ शकतात.

अभ्यासाचा इतिहास

लिओनार्दो दा विंची यांनी १५१०च्या सुमारास काढलेल्या गर्भाच्या प्रसिद्ध चित्रात मानवी गर्भाभोवती गायीसारखी अनेक तुकड्यांची वार दाखविली आहे. इटालियन शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो यांनी १५५९ मध्ये तिच्यासाठी 'प्लासेंटा' म्हणजे चपटी पोळी हा लॅटिन शब्द वापरला. अठराव्या शतकात विल्यम व जॉन हंटर या बंधूंच्या काळात माता व गर्भ यांचे रक्ताभिसरण वेगळे असल्याचे स्पष्ट झाले. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफीचा पाया घातला. डब्लिन येथे १९७७ मध्ये नाळेतील रक्तप्रवाह डॉप्लरने प्रथम नोंदविण्यात आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये वारेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र प्रकल्प सुरू केला.

भारतातील व्यवस्था

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची सरकारी आरोग्यकेंद्रांत मोफत तपासणी होते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त व वाहतूक मोफत आहे. महाराष्ट्रात तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

सोनोग्राफीचा गैरवापर रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. त्यानुसार गर्भलिंग सांगणे व विचारणे गुन्हा असून प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. वारेचे स्थान व गर्भाची वाढ तपासण्यासाठी केलेली सोनोग्राफी पूर्णतः कायदेशीर आहे.

लोकजीवनातील स्थान

घरी बाळंतपणे होत तेव्हा वार व नाळ घराच्या आवारात पुरण्याची प्रथा होती. 'नाळ पुरलेली जागा' म्हणजे जन्मभूमी आणि 'नाळ जुळणे' म्हणजे जिव्हाळ्याचे नाते, हे वाक्प्रचार त्यातून आले. वार लवकर पडावी म्हणून बाळंतिणीच्या घशाशी केसांची वेणी लावून उमाळे आणण्याचा उपाय चरकसंहितेतही नोंदलेला आहे. आजच्या वैद्यकात त्याची जागा ऑक्सिटोसिनने घेतली आहे. रुग्णालयात पडलेली वार २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत ठेवून नष्ट केली जाते.